उजव्या खुंट्याचं आवतन

१

पोळ्याच्या आदल्या दिवशी दिवस कलला की संपतराव हातातलं काम टाकून घरात येत, देवळीतली तुपाची वाटी घेत, तिच्यात हळद कालवत आणि गोठ्याकडे निघत. हे त्यांना कुणी सांगावं लागत नसे. बाकी दाढी करण्यापासून विजेचं बिल भरण्यापर्यंत प्रत्येक गोष्ट सिंधूबाईंना दोनदा सांगावी लागे, आणि तिसऱ्यांदा सांगितली की संपतराव चिडत. पण खांदमळणी ते कधी विसरले नव्हते. वडिलांचा हात थकला त्या वर्षापासून वाटी त्यांच्याकडे आली होती.

त्या संध्याकाळी आभाळ भरून आलं होतं आणि लाइट गेली होती. हिंगोलीकडच्या गोरेगावच्या पलीकडल्या त्या गावात लाइट गेली की कुणाचं काही अडत नसे, चूल आणि चिमणी होतीच. सिंधूबाई शेजारी पुरणयंत्र मागायला गेल्या होत्या. सून रागिणी चुलीपुढं होती. मुलगा रामप्रसाद ट्रॅक्टरचा पट्टा आणायला हिंगोलीला गेला होता, तो शेवटच्या जीपनं येणार होता.

संपतराव गोठ्याच्या दारात वाकले, कारण आडवं लाकूड कपाळाला लागतं हे त्यांच्या कपाळाला पाठ होतं. आत अंधार होता, पण खांदे मळायला उजेड कशाला लागतो? आधी डावीकडच्या चांद्याचा खांदा घेतला. चांद्या वयानं मोठा, म्हणून मान पहिला त्याचा. वशिंडाच्या पुढं जू बसून बसून जो घट्टा पडतो, त्याच्यावर तूप जिरेपर्यंत तळवा फिरवला. मग उजवीकडे वळून लाखाचा खांदा घेतला. दोघांचं झाल्यावर, वडील म्हणत तसंच, ना मोठ्यानं ना हळू, म्हणाले,

"आज आवतन घ्या. उद्या जेवायला या."

आणि बाहेर आले. रांजणातल्या पाण्यानं हात धूत होते तेव्हा सिंधूबाई पुरणयंत्र घेऊन परतल्या.

"कुठं गेलते?"

"कुठं म्हणजे? खांदे मळायला."

सिंधूबाईंनी पुरणयंत्र खाली ठेवलं. नवऱ्याकडे जरा वेळ बघितलं आणि विचारलं, "कुणाचे?"

तेव्हा कुठं संपतरावांना आठवलं. बैल उन्हाळ्यातच, आखितीच्या आधी विकले होते. अंगणात त्यांच्या जागी लाल ट्रॅक्टर उभा होता, आणि गोठ्याकडे जाताना त्यांनी स्वतःचं पागोटं त्याच्याच बॉनेटवर ठेवलं होतं. पूजेसाठी रागिणीनं दुपारीच मातीचे बैल करून पाटावर वाळत घातले होते.

रागिणीला हसू आवरेना. पदर तोंडाशी धरून म्हणाली, "मामा, मग गव्हाणीला आवतन देऊन आले काय?"

संपतरावही हसले. हसण्यासारखंच होतं. जन्मभराची सवय, पाय आपोआप गेले, हात आपोआप फिरले. वाटी परत देवळीत ठेवताना मात्र त्यांचं हसू थांबलं. काठोकाठ भरून नेलेली वाटी निपटून पुसल्यासारखी कोरडी होती.

२

तूप गोठ्यात कुठंतरी सांडलं असणार. हे सरळ होतं. संपतराव टॉर्च घेऊन बघायला गेले.

गोठा बैल गेल्यापासून रिकामाच होता. सुरुवातीला शेळ्या तिथं बांधून पाहिल्या होत्या, पण त्या दोन खुंट्यांच्या मधे बसायला तयार नव्हत्या. दोन दिवस ओरडून ओरडून त्यांनी आळी जागी ठेवली, म्हणून पुन्हा अंगणात आल्या. शेळी म्हणजे हट्टी जात, त्याचं कुणी फार मनावर घेतलं नव्हतं.

टॉर्चच्या उजेडात जमीन कोरडी दिसत होती. उन्हाळ्यात सारवलेली, वर धुळीचा पातळ थर. तुपाचा थेंब नव्हता. खुंट्यांना हात लावून पाहिला, गव्हाणीच्या काठावरून बोट फिरवलं. कुठंच चिकट लागलं नाही. धुळीत त्यांची स्वतःची पावलं होती. दारातून डाव्या खुंट्यापर्यंत, तिथून उजव्या खुंट्यापर्यंत, आणि परत. प्रत्येक खुंट्यापाशी ते बराच वेळ उभे राहिलेले दिसत होते.

संपतरावांना एक भीती होती आणि ती भुताखेताची नव्हती. त्यांचे थोरले भाऊ व्यंकटराव शेवटच्या वर्षांत असेच झाले होते. मेलेल्या बायकोला हाक मारून पाणी मागत, आणि आणून दिलं नाही की रागानं तांब्या फेकत. लोक आधी हसले, मग हळहळले, मग कंटाळले. आपलंही तेच सुरू झालं असेल तर बरं आहे, निदान कळलं तरी, असं संपतराव स्वतःशी म्हणाले. पण ते बरं नव्हतं.

ओट्यावर येऊन बसल्यावर त्यांनी तळहात नाकाशी नेला. धुतलेला हात, तरी बैलाचा वास येत होता. हाही मनाचा खेळ म्हणता आला असता. मनाला पटवण्यासाठी त्यांनी सगळं पुन्हा आठवून पाहिलं. चांद्याचा खांदा. केस आखूड, घट्टा ओळखीचा, तळवा फिरला तशी कातडी थरथरली, माशी बसल्यावर थरथरते तशी. हे सगळं जुनं, मनात साठलेलं, हाताला आपोआप आठवलेलं.

मग लाखाचा खांदा. तो त्यांना आठवेना. म्हणजे हातानं मळला होता हे आठवत होतं, पण तो लाखाचा नव्हता. त्याला केस नव्हते. कातडी गुळगुळीत होती, घामानं ओली, आणि खाली हाड लागत होतं. तो खांदा थरथरला नाही. नुसता वाट बघत उभा होता.

जीपचा आवाज आला. रामप्रसाद पट्टा खांद्यावर टाकून अंगणात शिरला आणि म्हणाला, "आबा, अंधारात काहून बसले?"

"असंच," संपतराव म्हणाले.

३

पोळ्याची सकाळ. गावात प्रत्येक दारात बैलांच्या आंघोळी चालल्या होत्या, शिंगांना रंग लागत होता, घागरमाळांचा आवाज गल्लीतून जात-येत होता. रामप्रसाद न्हाणीच्या दगडावर उघडा बसून अंग घाशीत होता. त्यालाही घाई होती. या वर्षी ट्रॅक्टरला झूल घालून वेशीपर्यंत न्यायचं त्यानं मित्रांना कबूल केलं होतं.

"अवो, हे काय लावून घेतलं?" रागिणीनं पाणी ओतता ओतता विचारलं. "सदऱ्यालाबी लागलंय. निघून नाही राहिलं."

रामप्रसादच्या उजव्या खांद्यावर, मानेच्या जरा खाली, पिवळा डाग होता. तळहाताएवढा.

"हळदीचं असंल," तो म्हणाला. "मोंढ्यात पोत्याला टेकलो होतो काल."

हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीची पोती सगळीकडे असतात, तिथून येणारा माणूस पिवळा होऊनच येतो. कारण अगदी बराबर होतं. संपतराव दातवण चावत उभे होते, त्यांनी मान डोलावली, आणि तरी जवळ गेले. पाठीवरचा केस काढायचं निमित्त करून वाकले. डागाला तुपाचा वास होता. साबणाच्या फेसातून, जुन्या कढवलेल्या तुपाचा.

"आबा, जरा दाबा तिथं," रामप्रसाद म्हणाला. "रात्रीपासून ठणकून राहिलं."

डागाखालची जागा सुजली होती. संपतरावांनी बोट टेकवलं आणि लगेच काढलं. कातडी गुळगुळीत, खाली हाड. हाताला ओळख पटली होती, डोक्याला पटवायची राहिली होती.

सिंधूबाई पुरण वाटता वाटता आल्या. लेकाच्या खांद्याकडे पाहून, पन्नास वर्षं बैलांच्या घरात राहिलेल्या बाईच्या तोंडून सहज निघेल तसं बोलून गेल्या,

"अगं माय, खांदा आलाय की याचा."

बोलल्या आणि थांबल्या. जू घासून बैलाला जखम होते तेव्हा म्हणतात तसं, खांदा आलाय. माणसाला कोणी असं म्हणत नाही. रामप्रसाद हसला, रागिणीही हसली. सिंधूबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. संपतराव दातवण टाकून चपला शोधत होते.

४

बैल विकताना त्यांनी एकच अट घातली होती. जोडी मोडायची नाही. दोघं एका घरी जावेत, शेतकऱ्याच्या घरी. त्या दिवशी त्यांना बाजारात जायचा धीर झाला नव्हता, म्हणून रामप्रसाद एकटा गेला होता. तो परत आला आणि म्हणाला, ओढ्यापलीकडल्या तांड्यातल्या मोहनसिंगनं जोडी घेतली, काळजी करू नका. तांडा काही लांब नव्हता, पण संपतराव कधी बघायला गेले नाहीत. विकलेलं जनावर बघायला जाऊ नये, आपल्यालाही तकलीफ आणि त्यालाही.

आज गेले. ओढ्याला पाणी गुडघ्याएवढं होतं.

मोहनसिंगच्या दारात लाखा उभा होता. नीलाबाई, मोहनसिंगची बायको, त्याच्या शिंगांना निळा रंग देत होती. त्याच्या शेजारी दुसराच एक तांबडा बैल बांधलेला होता.

"या संपतराव, बसा," मोहनसिंग म्हणाला. "बरे आले. बघा तुमचा बैल, हाडं दिसतात का कुठं?"

"चांद्या कुठं?"

"कोण?"

"दुसरा. जोडीतला."

मोहनसिंगनं बायकोकडे पाहिलं. "मी एकच घेतला होता. त्या दुसऱ्याच्या पायात बळ नव्हतं. तुमच्या पोरानं दिवसभर उभं केलं त्याला बाजारात, कोणी विचारलं नाही. मग व्यापाऱ्याच्या गाडीत चढवला. चढत नव्हता. मीच हात लावला मागून. पुढं ऐकलं, गाडीतच गेला तो. पुढं काई पोचला नाही."

संपतराव लाखाजवळ गेले. बैलानं ओळखून मान पुढं केली. त्यांनी हात पुढे केला, तसा लाखानं तळवा हुंगला आणि झटक्यानं मागं सरला. दावं ताणलं, तरी मागं रेटत राहिला. नीलाबाईच्या हातातला रंगाचा डबा पडला.

"काल दिवस मावळता असाच करत होता," ती म्हणाली. "तुमच्या गावाकडं तोंड करून उभा होता. खांदे मळू देईना."

"मोहनसिंग," संपतराव म्हणाले, "आजच्या दिवसापुरता बैल दे मला. जेवू घालतो आणि दिवस असेतो आणून सोडतो."

असं मागणं कोणी मागत नाही. पोळ्याच्या दिवशी दावणीचा बैल दुसऱ्याच्या दारी कोण पाठवील? मोहनसिंग रागावला नाही, कारण समोरच्या माणसाचा चेहरा त्याला दिसत होता.

"न्हाई जमणार," तो समजावून सांगावं तसं म्हणाला. "लाखाला काल मी आवतन दिलं. एका बैलाला दोन घरचं आवतन चालत नसतंय. तो कुणाचं जेवील?" आणि मग, उगाच विचारावं तसं, "काहून? तुमी दिलं का काय?"

संपतरावांनी तळवा धोतराला पुसला.

"बैल तर इथं होता," मोहनसिंग म्हणाला. "मग तुमचं आवतन कुणी घेतलं?"

५

परत येईतो दुपार कलली होती. वेशीत तोरण बांधलं होतं, हलगी वाजत होती, झुली घातलेले बैल ओळीनं उभे होते. संपतरावांनी गर्दीत लाल ट्रॅक्टर शोधला. दिसला नाही. तो घरीच अंगणात होता, अर्धवट झूल घातलेला, आणि रागिणी ओट्यावर बसून त्याच्याकडे बघत होती.

"त्यांना बरं नाही वाटत म्हणे," ती म्हणाली. "झूल घालता घालताच थांबले. मी म्हटलं, घरात पडा. तर म्हणे, गोठ्यात गार वाटतं."

संपतराव गोठ्याच्या दारात वाकले. बाहेर ऊन होतं, आत कौलाच्या फटीतून दोन-तीन कवडसे पडले होते. दिसायला पुरेसा उजेड होता.

रामप्रसाद उजव्या खुंट्यापाशी उभा होता. पडला नव्हता, टेकला नव्हता, नुसता उभा होता, मान खाली घालून, हात दोन्ही बाजूंना सोडून. डोळे उघडे होते. जबडा हळूहळू हलत होता, डावीकडून उजवीकडे, आणि तोंडात काही नव्हतं.

"रामप्रसाद," संपतरावांनी हाक मारली.

त्यानं ऐकलं नाही.

पुन्हा मोठ्यानं हाक मारली. तेव्हाही नाही. रामप्रसाद खुंट्याच्या अगदी कडेला, भिंतीला लागून उभा होता. डावीकडे एवढी मोकळी जागा असताना अंग चोरून. शेजारी कुणीतरी अंगानं मोठं असलं की माणूस बसमध्ये उभा राहतो तसा.

तेव्हा संपतरावांनी जे केलं ते विचार करून केलं नाही. जीभ टाळूला लावून त्यांनी तो आवाज काढला, जो शेतात नांगराच्या तासाच्या शेवटी बैल वळवताना काढत असत.

रामप्रसाद दोन पावलं मागं सरला आणि वळला.

मग त्याचे डोळे माणसाचे झाले. इकडेतिकडे बघत म्हणाला, "आबा, मी इथं कधी आलो?" आणि लगेच, "मला लई भूक लागली. कधीची लागलीय."

संपतरावांनी त्याला दंडाला धरून उन्हात ओढून आणलं. रागिणीला ऐकू जाणार नाही इतक्या हळू विचारलं, "चांद्या कुणाला दिला?"

रामप्रसादचा चेहरा उतरला. लहानपणी खोटं पकडलं की व्हायचा तसाच. "आबा, त्याचा पाय गेला होता. कोण घेणार होतं? तुमाला सांगितलं असतं तर तुमी दोघांनाबी परत आणायला लावलं असतं."

"व्हय," संपतराव म्हणाले. "लावलं असतं."

त्यांना पोराचा राग आला होता. पण राग करायला आज वेळ नव्हता. चांद्या आला होता. एकटा आला होता, आणि आवतन त्यांनी जोडीला दिलं होतं.

६

घरात पुरणपोळ्या झाल्या होत्या. त्या घरात पोळ्याला बैल जेवल्याशिवाय कुणी तोंडात घास घालत नसे, लहान लेकरालाही तोवर नुसतं दूधच देत. मातीच्या बैलांपुढं नैवेद्य मांडून सिंधूबाई नवऱ्याची वाट बघत बसल्या होत्या.

"तूप आणि हळद दे," संपतराव म्हणाले.

"माती मोडंल तूप लावलं तर."

"त्याला नाही."

सिंधूबाईंनी वाटी भरली. हातात दिली नाही, धरून ठेवली. सकाळी तोंडून गेलेला शब्द अजून त्यांच्या मनातून गेला नव्हता, आणि नवऱ्यानं लेकाला गोठ्यातून ओढून आणलेलं त्यांनी खिडकीतून पाहिलं होतं.

"जेवायला सांगितलेली सवाष्ण आली नाही," संपतराव म्हणाले, "तर तू काय करतीस?"

"दुसरी बसवते."

"पाट रिकामा ठेवत नाहीस."

"नाही."

"मग झालं तर."

सिंधूबाईंना कळायचं ते कळलं. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पुसलंही नाही. "पण तुमीच काहून?"

"आवतन मी दिलंय. पोरानं जोडी मोडली हे खरं, पण जेवायला मी बोलावलं."

ओट्यावर रामप्रसाद भिंतीला टेकून बसला होता, झोपेत असल्यासारखा. संपतरावांनी धोतराच्या सोग्यानं त्याचा खांदा पुसला. घासून घासून पुसला, तो 'आबा, दुखतंय' म्हणाला तरी. सोगा पिवळा झाला. सदरा काढून तोच सोगा त्यांनी स्वतःच्या उजव्या खांद्यावर चोळला, वर वाटीतलं तूप लावलं, आणि गोठ्यात गेले.

उजव्या खुंट्यापाशी बसले. जमीन गार होती. डावीकडे बघायचं नाही एवढं त्यांनी ठरवलं होतं. आपण एक म्हातारा माणूस, भर दिवसा रिकाम्या गोठ्यात उघडे बसलोय, उद्या गावात कळलं तर लोक व्यंकटरावांचं नाव काढतील, हेही मनात येऊन गेलं. तसं असेल तर फार बरं होईल असं त्यांना मनापासून वाटलं.

सिंधूबाई दोन ताटं घेऊन आल्या. आधी डावीकडे पाणी शिंपडलं, कुंकू लावलं, ओवाळलं. मग नवऱ्याला ओवाळलं. दिव्याची ज्योत डावीकडे असताना हलत होती, उजवीकडे आल्यावर सरळ झाली. ताटं ठेवून त्या पाठ न फिरवता मागं सरत बाहेर गेल्या.

संपतरावांनी पोळी तोडली. पहिला घास गिळला. त्यांच्या डाव्या अंगाला ऊब लागत होती. आधी त्यांनी ती चुलीची समजली, मग आठवलं, चूल त्या बाजूला नाही. मानेवर ओलसर वारा आला आणि गेला, आला आणि गेला. कडब्याचा वास होता त्याला. शेजारचं ताट जमिनीवर सरकल्याचा आवाज झाला, थोडा वेळ थांबला, पुन्हा झाला. खरखरीत जिभेनं पितळ चाटल्याचा आवाज त्यांनी आयुष्यभर ऐकला होता. तो ऐकता ऐकता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि ते भीतीचं नव्हतं. फार एकटा होता तो.

"चांद्या," ते खाली बघतच म्हणाले, "मला सांगितलं नव्हतं रे."

शेजारून मोठा श्वास सुटला. मग जागा थोडी सैल झाली. कुणीतरी त्यांच्यासाठी सरून बसलं होतं.

ते बाहेर आले तेव्हा रामप्रसाद चुलीपुढं बसून जेवत होता. खांद्यावर डाग नव्हता, सूज नव्हती. त्यानं इतक्या पोळ्या खाल्ल्या की रागिणीला पुन्हा कणीक मळावी लागली. सिंधूबाईंनी दोन्ही ताटं स्वतः घासली, कुणाला हात लावू दिला नाही.

७

पुढच्या उन्हाळ्यात रामप्रसादनं गोठा पाडायचा विषय काढला. ट्रॅक्टर पावसात गंजत होता, त्याच्यासाठी पत्र्याचं शेड हवं होतं. संपतराव म्हणाले, शेड अंगणात घाल. रामप्रसाद काहीतरी बोलणार होता, पण सिंधूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि तो गप्प बसला. शेड अंगणात झालं.

संपतराव आता सदरा ढगळ शिवून घेत. उजव्या खांद्याला, मानेच्या खाली, कापड घासलं की त्यांना चालत नसे. हिंगोलीच्या डॉक्टरनं बघून सांगितलं, घट्टा आहे, ओझी उचलता का फार? संपतराव म्हणाले, पूर्वी उचलत होतो. डॉक्टरनं मलम दिलं, ते त्यांनी रागिणीच्या टाचांच्या भेगांना देऊन टाकलं. विसरभोळेपणा मात्र वाढला नाही. उलट गावात कुणाच्या शेताचा बांध कुठं होता हे लोक त्यांनाच येऊन विचारत. डोकं शाबूत आहे, म्हणजे घडलं ते खरंच घडलं, ही गोष्ट त्यांना रात्री झोपताना आठवे, आणि बरं वाटत नसे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दिवस कलला, तेव्हा ते ओट्यावर बसले होते. देवळीकडे गेले नाहीत. रामप्रसाद शेडमध्ये ट्रॅक्टर पुसत होता, रागिणी मातीचे बैल करत होती. आत जाऊन वाटी सिंधूबाईंनी भरली. बाहेर येऊन नवऱ्यापुढं उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चला."

दोघं गोठ्याच्या दारात वाकले. कौलाच्या फटीतून उजेड येत होता, सगळं दिसत होतं. जमीन, गव्हाण, दोन खुंटे. उजव्या खुंट्यापाशी जाऊन संपतरावांनी सदरा काढला आणि मान जराशी खाली केली. हे कसं करायचं ते कुणी त्यांना सांगितलं नव्हतं.

सिंधूबाईंनी बोटांवर तूप घेतलं. ते आपल्याला लावतील असं संपतरावांना वाटलं. पण त्या आधी डावीकडे वळल्या. मान पहिला त्याचा. त्यांनी हात वर केला, छातीच्या उंचीला, जिथं काहीच नव्हतं तिथं, आणि तळवा ठेवला. संपतराव बघत होते. या वेळी त्यांनी डोळे खाली केले नाहीत. बायकोची बोटं कशाच्या तरी गोलाईवरून फिरली, एका जागी थांबली, तिथं जोर देऊन मळू लागली. हात खाली पडला नाही. बांगड्या कशावर तरी टेकून होत्या, वाजत नव्हत्या. एकदा सिंधूबाईंचा हात जरासा थरथरला, माशी बसल्यावर कातडी थरथरते तसा, आणि त्यांनी दुसऱ्या हातानं थोपटलं.

मग त्या उजवीकडे आल्या आणि नवऱ्याचा खांदा मळला. तितकाच वेळ, तितक्याच जोरानं. अंगणातून रामप्रसादचं शीळ घालणं ऐकू येत होतं. सिंधूबाईंनी ते ऐकलं, आणि मग ना मोठ्यानं ना हळू म्हणाल्या,

"आज आवतन घ्या. उद्या जेवायला या."

संपतरावांनी मान हलवली. डावीकडे गळ्यातली घंटा एकदाच वाजली. सिंधूबाईंनी रिकामी वाटी पदरानं पुसली आणि स्वयंपाकाला गेल्या.